श्यामकांतांची चक्कर

"एकवीस दिवस," हेमलताबाई म्हणाल्या. "एकवीस दिवसांत तुमची उंचीची भीती मुळापासून काढते. नाही निघाली तर रसायनशास्त्र शिकवणं सोडून देईन."

श्यामकांत मुकाट्याने भेंडीची भाजी खात राहिले. अडचण एवढीच होती, की त्यांना उंचीची भीती वाटत नव्हती.

हे जरा नीट सांगायला हवं. दिल्लीतल्या त्यांच्या मराठी मंडळात तीन गोष्टी सर्वमान्य होत्या. भाऊसाहेबांना उशिरा येणारा माणूस खपत नाही, कुमुदताईंच्या पोटात काही राहत नाही, आणि श्यामकांतांना उंचावर चक्कर येते. या चकरेपायी त्यांनी लक्ष्मीबाई नगरात मागून तळमजल्याचं क्वार्टर घेतलं होतं. बढतीनंतर मोठं, पण तिसऱ्या मजल्यावरचं घर मिळत होतं, ते लेखी नाकारलं होतं. मुलगी लहान असताना आकाशपाळण्यात बसायची ती शेजाऱ्यांबरोबर. हे खाली तिचे बूट धरून उभे, आणि हेमलताबाई यांच्या शेजारी उभ्या. "यांना एकटं कसं सोडायचं?" असं त्या म्हणायच्या आणि बायका माना डोलवायच्या.

खरी गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची होती. तेव्हा कुतुबमिनारवर चढू देत असत. लग्नाला पाच आठवडे झाले होते. पहिल्या सज्जात पोचल्यावर नव्या नवरीने खाली पाहिलं, डोळे मिटले, आणि नवऱ्याचा शर्ट दोन्ही मुठींत धरून ती जी थिजली ती हलेना. त्या अरुंद, अंधाऱ्या जिन्यातून श्यामकांतांनी तिला एकेक पायरी करत खाली आणलं. मागचे लोक पंजाबीतून काय काय बोलत होते ते सुदैवाने दोघांनाही कळत नव्हतं. खाली हिरवळीवर पुरीभाजीचा डबा घेऊन श्यामकांतांच्या अक्का बसल्या होत्या. अक्कांच्या जिभेला सगळं नागपूर वचकून असे.

"काय रे, एवढा वेळ?"

"मला चक्कर आली," श्यामकांत म्हणाले. "हिनेच धरून आणलं."

एवढंच एक वाक्य. पण एकदा आलेली चक्कर पुढच्या खेपेला न येऊन कसं चालेल? ती चौतीस वर्षं येत राहिली. हेमलताबाईंवर उंच जायची वेळच आली नाही, आणि हळूहळू त्यांनाही कुतुबमिनार तसाच आठवू लागला, जसा तो सगळ्यांना सांगितला गेला होता.

आणि मग मंडळाच्या एका सभेत भाऊसाहेबांनी श्रीलंकेची सहल काढली. अनुराधपूर, पोलोन्नरुव, आणि सगळ्यांत शेवटी सिगिरिया: रानातून सरळ उभा राहिलेला कातळ, बाराशे पायऱ्या, माथ्यावर दीड हजार वर्षांपूर्वीच्या राजवाड्याचे चौथरे. वरच्या टप्प्याच्या पायऱ्या लोखंडी आणि कड्याला टांगलेल्या.

"मी आणि हेमा खाली थांबू," श्यामकांत सवयीने म्हणाले. "मला चक्कर येते."

"तुम्हाला येते ना? मग तुम्ही थांबा," भाऊसाहेब म्हणाले. "वहिनींनी का म्हणून थांबायचं? जन्मभर थांबल्या. त्या मंडळाचा झेंडा घेऊन पुढे चालतील. तुम्ही बसमध्ये ड्रायव्हरशी गप्पा मारा."

श्यामकांतांनी बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला होता. त्या टांगलेल्या पायऱ्यांवर हेमा मधेच थिजली, तर तिच्याजवळ अख्ख्या लंकेत एकही माणूस नसेल ज्याला त्याचं कारण माहीत आहे.

"मीही चढणार," ते म्हणाले.

सभेतल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. "भावोजी, हट्ट नको हं," कुमुदताई हळूच म्हणाल्या.

पण हेमलताबाईंना नवऱ्याचा अभिमान वाटला, आणि त्यातून ते एकवीस दिवस निघाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आलेखाचा कागद आणला. आडव्या अक्षावर उंची, उभ्या अक्षावर नाडीचे ठोके, डोक्यावर मोठ्या अक्षरांत 'श्यामकांत'. पहिल्या दिवशी स्टूल. श्यामकांत स्टुलावर उभे राहिले आणि शक्य तितके घाबरले. बाईंनी खालून मनगट धरलं, घड्याळाकडे बघत मोजलं.

"बहात्तर. छान आहे की."

डायनिंग टेबल, चौऱ्याहत्तर. माळ्यावर जायची शिडी, त्र्याहत्तर. या गतीने आठवड्यात बरं होऊन टाकावं, असं श्यामकांत मनाशी ठरवत होते. दहाव्या दिवशी गच्ची आली.

गच्चीवर छान ऊन होतं. कडुनिंबावर पोपटांची सभा भरली होती. श्यामकांत दारालगतच्या टाकीपाशी उभे राहिले, मजेत होते. हेमलताबाई जिन्याच्या दारातून पुढे आल्या नाहीत, हे त्यांनी पाहिलं. तिथूनच हात लांब करून त्यांनी नवऱ्याचं मनगट पकडलं आणि मोजू लागल्या. मोजता मोजता त्यांचा चेहरा बदलला.

"अहो. एकशे चार."

"किती?"

"आणि तोंडावर तर काही दिसत नाही तुमच्या. बिचारे. किती आत दाबून ठेवता."

श्यामकांत बाकी सगळं विसरले. त्यांना काहीही होत नव्हतं, आणि नाडी एकशे चार. दुसऱ्या दिवशी एकशे दहा. तिसऱ्या दिवशी बाई नेटाने दारातून दोन पावलं बाहेर आल्या, तेव्हा एकशे अठरा. ज्या माणसाला भीती वाटत नाही आणि ज्याचं काळीज एकशे अठराने धावतं, त्याला दुसरा कुठला तरी आजार असणार, हे उघड होतं. श्यामकांतांना छातीत काहीतरी जाणवूही लागलं. कधी डावीकडे, कधी उजवीकडे.

ऑफिसातून परस्पर ते डिस्पेन्सरीत गेले. डॉक्टरांनी ईसीजी काढला.

"साहब, दिल तो बिल्कुल ठीक है. किसने कहा गडबड है?"

"पत्नी ने."

"डॉक्टर हैं?"

"केमिस्ट्री पढाती हैं."

डॉक्टरांनी थोडा विचार करून लिहिलं, मीठ कमी खा.

तो ईसीजीचा लांब कागद हातात धरून श्यामकांत बाहेर पडले, आणि समोरून कुमुदताई आल्या.

श्यामकांत घरी पोचून चहा घेईपर्यंत लक्ष्मीबाई नगरात त्यांना झटका येऊन गेला होता. सरोजिनी नगरात तो मोठा होता. रात्रीच्या जेवणापर्यंत अकरा माणसं येऊन गेली, चार पपया, सहा शहाळी आणि एक गीतेची प्रत ठेवून. प्रत्येकाने हळू आवाजात हेमलताबाईंना धीर दिला, आणि पहिल्यांदा धीर मिळाला तेव्हाच त्यांना कळलं की नवरा डिस्पेन्सरीत जाऊन आला आहे.

भाऊसाहेब सर्वांत शेवटी आले. "श्यामकांत, यार, तुमचं नाव कमी केलंय मी. परक्या मुलखात जबाबदारी कोण घेणार? वहिनी, तुम्ही मात्र चला."

"माझंही कमी करा," हेमलताबाई म्हणाल्या.

सगळे गेल्यावर त्या पपया फ्रीजमध्ये रचत राहिल्या. पाठ श्यामकांतांकडे होती.

"मला का नाही सांगितलं?"

"तुझी सहल मोडली असती."

"आता नाही का मोडली?" त्या म्हणाल्या. मग फ्रीजचं दार लावून, "झेंडा धरायला मला आवडलं असतं. ते जाऊ दे. तुम्ही मिठाचं काय ते नीट सांगा."

श्यामकांतांना झोप लागली नाही. तिला वाचवायला निघाले होते, आणि तिच्या हातातला झेंडाच काढून घेऊन बसले होते. सकाळी उठून त्यांनी भाऊसाहेबांना फोन केला आणि आयुष्यात प्रथमच कुणाच्या तरी विनवण्या केल्या.

भाऊसाहेब विरघळले, पण नियमानुसार. "रविवारी तुघलकाबादच्या किल्ल्यावर सरावाची चढण आहेच. माझी पुतणी वृंदा येईल. डॉक्टर आहे. तटावर उभं करून ती तपासेल. ती हो म्हणाली तर दोघांची नावं परत."

रविवारी भाऊसाहेब शिट्टी वाजवत पुढे, मागे टोप्या घातलेली चोवीस माणसं, आणि त्यांच्या मागे, कुणाच्या डब्यात काय आहे याचा अंदाज घेत, माकडं. श्यामकांतांना बाजूने दोघांनी धरलं होतं. "दम खात चला," असं प्रत्येक पायरीला कुणीतरी सांगत होतं. हेमलताबाई त्यांच्या पाठोपाठ, नजर त्यांच्या टाचांवर ठेवून चढत होत्या.

तटावर वारा होता. खाली रस्ता, झाडं, दूरवर धुरकट दिल्ली. वृंदाने श्यामकांतांचं डावं मनगट धरलं. हेमलताबाईंनी, सवयीने आणि काळजीने, उजवं.

"शहात्तर," वृंदा म्हणाली. "काका, एकदम मस्त."

"एकशे अडतीस," हेमलताबाई म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी शिट्टी तोंडातून काढली. एका माणसाच्या दोन हातांत दोन नाड्या, हे मंडळाच्या इतिहासात प्रथमच घडत होतं.

वृंदा पुढे वाकली आणि मग तिने आवाज खाली आणला. तेवढी समज तिच्याकडे होती. "काकू, तुम्ही अंगठा लावलाय. अंगठ्याने नाडी बघायची नसते. अंगठ्याला आपली स्वतःची असते. तुम्ही स्वतःचेच ठोके मोजताय."

हेमलताबाईंनी नवऱ्याचं मनगट सोडलं. पर्समधून आलेखाचा कागद काढला आणि उघडून बघत राहिल्या. जमिनीवर उभं राहून घेतलेले आकडे: बहात्तर, चौऱ्याहत्तर, त्र्याहत्तर. गच्चीवर जाऊन घेतलेले: एकशे चार, एकशे दहा, एकशे अठरा.

"आलेख बरोबर आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "नाव चुकलंय."

वृंदा भाऊसाहेबांना घेऊन डबे उघडायला गेली. तटाच्या आतल्या बाजूला, जिथून खालचं काही दिसत नाही अशा एका दगडावर दोघं बसले.

"कुतुबमिनारला कोण घाबरलं होतं?" हेमलताबाईंनी विचारलं.

श्यामकांतांनी माकडांकडे पाहिलं.

"अहो, मी विचारतेय."

"खाली अक्का बसली होती."

"मग?"

"तू नवी होतीस. घरात तिने तुला जन्मभर ऐकवलं असतं."

हेमलताबाई कागदाच्या घड्या करत गेल्या, फारच लहान होईपर्यंत. "तिसऱ्या मजल्याचं ते घर. त्याला दोन बाल्कन्या होत्या."

"होत्या."

"आणि अक्कांना जाऊन बारा वर्षं झाली."

"सवय झाली गं मग."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज वर्गातला होता. "पुरावा असा लपवून ठेवतात का? चौतीस वर्षं चुकीच्या गृहीतकावर संसार केला मी."

"बरा झाला ना पण?"

उतरताना हेमलताबाईंनी सगळ्यांदेखत नवऱ्याचा शर्ट मागून मुठीत धरला. "बघा, कशी सांभाळून नेतेय," कुमुदताई म्हणाल्या.

डिसेंबरात दोघंही गेली. अनुराधपूरचे स्तूप सपाटीवर होते, तिथे काही प्रश्न आला नाही. पोलोन्नरुवला भाऊसाहेब स्वतःच हरवले आणि त्यांची शिट्टी ऐकून त्यांना शोधण्यात आलं. आणि मग सिगिरिया. दगडात कोरलेल्या सिंहाच्या दोन प्रचंड पंजांमधून लोखंडी पायऱ्या वर जात होत्या, आणि वर जाताना पायांखालून सगळं रान दिसत होतं.

हेमलताबाईंनी झेंडा भाऊसाहेबांकडे दिला. त्यांना दोन्ही हात हवे होते. श्यामकांत पुढे, त्यांचा शर्ट बाईंच्या मुठींत. चार पायऱ्या, थांबा. चार पायऱ्या, थांबा. मागे परदेशी पर्यटकांची रांग तुंबली. "भावोजी, खाली बघू नका," मागून कुमुदताई ओरडत होत्या. "श्यामकांत, देवाचं नाव घ्या," भाऊसाहेब. श्यामकांत अधूनमधून मागे वळून फक्त एवढंच म्हणत होते, "मी आहे."

पाऊण तासाने दोघं माथ्यावर पोचली. वारा, आभाळ, विटांचे चौथरे, आणि चोहीकडे हिरवं रान. सगळ्या मंडळाने श्यामकांतांसाठी टाळ्या वाजवल्या. भाऊसाहेबांनी झेंडा त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या गळ्यात पडले.

वर्गात धडा सुरू करताना उभ्या राहत तशा हेमलताबाई ताठ उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ऐका. यांना उंचीची भीती नाही. कधीच नव्हती. भीती मला वाटते. कुतुबमिनारवर चक्कर मला आली होती. यांनी इतकी वर्षं ती स्वतःवर घेतली."

कुमुदताईंनी पदर डोळ्यांना लावला.

"बघा," त्या म्हणाल्या. "इथवर येऊनसुद्धा नवऱ्याला कमीपणा येऊ देत नाही."

"धन्य आहे वहिनींची," भाऊसाहेब म्हणाले. पुन्हा टाळ्या झाल्या, पहिल्यापेक्षा मोठ्या.

"अहो, मी खरं सांगतेय."

"माहीत आहे हो आम्हाला," सगळे अतिशय प्रेमाने म्हणाले आणि फोटो काढायला पांगले.

हेमलताबाई चौथऱ्यावर मटकन बसल्या. "एकाने तरी विश्वास ठेवावा की नाही?"

"चौतीस वर्षं खपून केलंय गं ते," श्यामकांत त्यांच्या शेजारी टेकत म्हणाले. "एका वाक्यात कसं मोडेल?"

इतक्यात कुमुदताई लगबगीने परत आल्या, लिंबाची फोड घेऊन. "भावोजी, हे चोखा. तोंडाला चव येईल, बरं वाटेल."

श्यामकांतांनी बायकोकडे पाहिलं. मग फोड घेतली आणि निमूटपणे चोखू लागले.