इकडचं कोर्ट, तिकडचा पुतळा

"मी कुणाच्या बापाला भीत नाही," असं चारचौघांत गर्जणारा पंपमिस्त्री पलंगाखाली शिरला होता. दारात फक्त दूधवाला आला होता.

झालं होतं ते एवढंच. शेजारच्या राज्यात साडूकडे गेला असताना गाडी मागे घेताना त्याने चौकातला पुतळा पाडला. पुतळा नगराध्यक्षांच्या वडिलांचा! मिस्त्रीने खाली न उतरता जी गाडी पिटाळली, ती राज्याची हद्द ओलांडूनच थांबवली. आज साडूचा फोन आला, "अहो, पुतळा पाडला कुणीतरी! पोलीस शोधताहेत!" मिस्त्रीने फोन बंद करून बुटात कोंबला.

"कुणाला शोधताहेत ते तरी विचारा भाऊजींना," बायको म्हणाली.

"फोनवर? सगळं ऐकत असतात ते!"

शेवटी बायकोने त्याला वकिलाकडे नेलं. वकीलबाईंनी समजावलं, "गुन्हा तिकडचा. अटकेआधीचा पक्का जामीन तिकडचंच कोर्ट देणार."

"तिकडे पाऊल टाकलं की धरतील ना!"

"म्हणून इथलं कोर्ट थोड्या दिवसांचं संरक्षण देऊ शकतं. तेवढ्यात तिकडे जाऊन अर्ज करायचा. पण तिकडच्या पोलिसांना नोटीस जाते. आधी तक्रार कुणावर आहे, ते बघू."

"तोवर मी आत जाईन! अर्ज मीच लिहितो."

वर्तमानपत्रांना खरमरीत पत्रं लिहून मिस्त्री स्वतःला मोठा लेखक समजू लागला होता. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. त्याने सगळं लिहिलं. पुतळ्याचं नाक, गाडीचा नंबर, वर शासनाला चार शिव्या.

नोटीस मिळताच तिकडचा फौजदार इथल्या कोर्टात हजर झाला.

"यांना अटक करणार होता?" न्यायाधीशांनी विचारलं.

फौजदाराने डोकं खाजवलं. "नाही साहेब. आमच्या पंचनाम्यात मोकाट बैल आहे. कोंडवाड्यात टाकलाय. हे गृहस्थ अर्ज वाचून कळले."

मिस्त्रीने बायकोकडे पाहिलं. बायको छताकडे पाहत होती.

"अर्जदाराची भीती कालपर्यंत निराधार होती," न्यायाधीश हसू दाबत म्हणाले. "आता भक्कम आधार आहे. तात्पुरता जामीन मंजूर. लवकर तिकडच्या कोर्टात जा."

बाहेर फौजदाराने मिस्त्रीचा हात प्रेमाने दाबला. "या मग. वाट बघतो."

"शेवटी बैल सुटला म्हणायचा," बायको म्हणाली.

"सुटणारच," मिस्त्री म्हणाला. "त्याने अर्ज कुठे केला होता!"