कै. भरमूआप्पांचा लॅपटॉप

निपाणीजवळच्या एका गावात रायाप्पा आणि शामू या दोन भावांच्या एकत्र कुटुंबात एकच लॅपटॉप होता. तो चालू करून चहा प्यावा, कप विसळून ठेवावा, तेव्हा कुठे त्याला जाग यायची. रायाप्पांच्या मुलीची, क्षमाची, बेळगावच्या एका कंपनीत नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत ठरली होती. म्हणून रविवारी जेवणं आटोपल्यावर तिने सर्वांच्या समक्ष लॅपटॉपमधलं सारं पुसून टाकलं आणि पेनड्राइव्ह लावून नवी सिस्टीम घालायला बसली. येथपर्यंत कोणाचीही हरकत नव्हती.

लॅपटॉपने प्रथम भाषा विचारली. या प्रश्नावर आमच्या सीमाभागात पिढ्या खर्ची पडल्या आहेत. क्षमाने इंग्रजी दाबलं आणि पुढे गेली. मग डिस्कचे भाग किती करायचे, असा प्रश्न आला.

"दोन कर," शामूकाका पटकन म्हणाले.

"एकच ठेव," रायाप्पा गरजले. "माझ्या जिवात जीव हाय तवर ह्या घरात भाग पडायचे न्हाईत."

एकच ठेवला. शामूकाका सुपारी कातरू लागले.

खरी अडचण पुढे होती. लॅपटॉपला मालकाचं नाव हवं होतं. क्षमाने आपल्या नावाचं पहिलं अक्षर दाबलं, तोच दोन बाजूंनी दोन हात कीबोर्डवर आले.

"घरात थोरला कोण हाय?"

"निम्मं पैसं माझं हायेत, अण्णा."

"बाबा, मुलाखत माझी हाय!" क्षमा म्हणाली.

"तू आज हाईस, उद्या सासरी जाशील. लॅपटॉप हितंच ऱ्हाणार."

कोंडी फोडली ती दोघांच्या आईने, धोंडूबाईंनी. "भांडताय कशाला रं? ह्यांच्या नावावर घाला की."

'हे' म्हणजे कै. भरमूआप्पा. त्यांना जाऊन दहाएक वर्षं झाली होती, परंतु त्यामुळे त्यांच्या कारभारात खंड पडलेला नव्हता. शेताचा उतारा, घरफाळा, लाईट बिल, गॅस, विहिरीवरची मोटार, सारं त्यांच्याच नावावर चालू होतं. नाव बदलायचं म्हटलं की कोणाचं लावायचं हा प्रश्न येतो, आणि तो टाळण्यासाठीच तर कुटुंब एकत्र होतं. मालक म्हणून मयत माणसासारखी सोय नाही. तो कोणाची बाजू घेत नाही.

जन्मतारीख कोणालाच ठाऊक नव्हती. "एक जून घाल," रायाप्पा म्हणाले. "आमची समद्यांची तीच हाय."

लॅपटॉपने मालकाचा चेहरा मागितला. भिंतीवरचा फोटो उतरवून कॅमेऱ्यासमोर धरण्यात आला. जवळ या, असं पडद्यावर उमटलं. हार काढून जवळ नेला. मान हलवा, अशी सूचना आली. शामूकाकांनी फ्रेम डावी-उजवीकडे हलवली आणि धोंडूबाईंनी नकळत डोक्यावरचा पदर सारखा केला. लॅपटॉपने ओळख नाकारली. आजवर कुठल्याही कचेरीने भरमूआप्पांची इतकी चौकशी केली नव्हती.

अखेर पासवर्ड रायाप्पांकडे आणि तो बदलण्याचा ओटीपी शामूकाकांच्या मोबाइलवर, असा समझोता झाला. क्षमाकडे चार्जर राहिला.

मुलाखतीच्या दिवशी रायाप्पांनी हातांवर टॉवेल टाकून पासवर्ड घातला.

"नमस्कार, भरमूजी," कंपनीच्या बाई म्हणाल्या.

"मी क्षमा, मॅडम. भरमू आमचे आज्जा."

"मग त्यांनाही बसू द्या, हरकत नाही."

"ते वारलेत."

मुलाखत मात्र झकास झाली. चार दिवसांत पत्रही आलं. कंपनीच्या संगणकाने पडद्यावरचं नाव उचललं होतं: 'श्री. भरमू, आपली निवड झाली आहे. सोमवारी हजर व्हावे.' क्षमाने फोन केला. नावातील दुरुस्तीसाठी मूळ खातेदाराने स्वतः अर्ज करावा, असं उत्तर मिळालं.

घरात पेढे वाटले गेले. धोंडूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "जित्तेपणी कवा लागली न्हाई ओ ह्यास्नी नोकरी," त्या म्हणाल्या.

शामूकाकांनी पेढा गिळला. "अण्णा, नोकरी आप्पांच्या नावावर हाय. म्हंजे वडिलोपार्जित झाली. पगारात माझा निम्मा हिस्सा."

"रास्त हाय," रायाप्पा म्हणाले. "आनि क्षमाची हक्कसोडाची सही लग्नाआधी घिऊन ठिवू."

कामावर जायचं ते मात्र क्षमानेच, यावर कधी नव्हे ते दोघा भावांचं एकमत झालं.

क्षमा रागाने लाल झाली. तिने पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप पुन्हा पुसून टाकला. पुसायला पासवर्ड लागत नाही, हे दोघा अधिकारी भावांच्या ध्यानात आलेलं नव्हतं.

"आगं, काय केलीस?" रायाप्पा ओरडले.

"आज्जांस्नी मोकळं केलं," ती म्हणाली. "तुमी धरून ठेवलासा त्यास्नी."

या खेपेला तिने मालक म्हणून 'क्षमा' लिहिलं. जिवंत माणसाच्या नावावर असलेली त्या घरातली ती पहिली वस्तू. लगोलग तिने कंपनीला कळवलं, की आज्जा हयात नाहीत, मुलाखत मी दिली आणि कामावरही मीच येणार. संध्याकाळी उत्तर आलं. कंपनीने दिलगिरी व्यक्त केली होती. सोमवारी क्षमानेच यावं. फक्त पत्त्याचा पुरावा म्हणून स्वतःच्या नावाचं लाईट बिल आणावं.

क्षमाने खिळ्याला अडकवलेलं बिल काढलं, वरचं नाव वाचलं आणि ते परत खिळ्याला अडकवलं.

हसताय? उठा आणि आपल्या घरचं लाईट बिल शोधा. त्यावरचं नाव सावकाश वाचा. मालकांना कसलीही घाई नाही.