अकरा मानकऱ्यांची डिस्क

ज्या कामाला माणसाचा हात लागतो त्यात त्याचं मनही लागतं, आणि मन लागलं की भांडण आलंच. तेव्हा महत्त्वाची कामं माणसाच्या हाताविना व्हावीत, हे तत्त्व जगाने हल्ली कुठे मान्य केलं. सावर्ड्यापासून नऊ किलोमीटर आत असलेल्या पालेखोल गावाने मात्र ते दोन वर्षांपूर्वीच रीतसर ठराव करून मंजूर केलं होतं. (बाजूने सर्व. विरुद्ध कोणी नाही. गैरहजर तीन, पैकी दोन रुसून.)

ठरावाचे सूचक होते भिकाजी. लोट्याच्या एका रसायन कारखान्यात सव्वीस वर्षं शिफ्ट सांभाळून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी ग्रामस्थ मंडळाचे सचिव झालेले. त्यांचं अक्षर चांगलं होतं आणि नकार द्यायची सवय नव्हती. सचिवाला आणखी काय लागतं?

तर झालं असं. गावाकडे जपून ठेवण्यासारखं बरंच साठलं होतं. शिमग्याच्या पालखीचे फोटो (नऊ हजार दोनशे चौदा, त्यात भिकाजींच्या पाठीचे एकशे सहा), अकरा मानकऱ्यांच्या वंशावळी, नमन-खेळाचे तीन व्हिडिओ, आणि सर्वात मोलाचं म्हणजे महिपतदादांच्या गाऱ्हाण्याचं रेकॉर्डिंग. महिपतदादा एक्केचाळीस वर्षं सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यावर उभं राहून ग्रामदेवी वाघजाईला गाऱ्हाणं घालत. बावीस मिनिटं, कागद न बघता. दुसऱ्या कोणाला ते येत नव्हतं आणि कोणी शिकायलाही बसलं नव्हतं, कारण महिपतदादा होतेच की!

हे सगळं क्लाउडवर ठेवावं असं सुचवलं भिकाजींच्या पुतण्याने, ऋत्विकने. तो ठाण्याला सर्व्हर सांभाळायची नोकरी करतो. त्याने सभेत समजावलं, की सर्व्हरची डिस्क म्हणजे रिकामा माळा. त्यात आधी भिंती घालून भाग पाडायचे, मग प्रत्येक भागात फळ्या ठोकून कुठल्या फळीवर काय ठेवलं ते लिहायची सोय करायची. तिला म्हणायचं फाईलसिस्टीम. हे सगळं हाताने करायचं नाही. एका फाईलमध्ये लिहून ठेवायचं, किती भाग, केवढे, कुठल्या क्रमाने. सर्व्हर पहिल्यांदा चालू झाला की तो ती फाईल वाचतो आणि आपलं आपण सगळं करतो.

"कोणाला न विचारता?" अध्यक्ष रावजींनी विचारलं.

"कोणालाच न विचारता."

सभेत समाधानाचा निःश्वास सुटला. पालेखोलात कोणाला न विचारता काही होऊ शकतं, ही कल्पनाच थंडावा देणारी होती.

'कुठल्या क्रमाने' हा शब्दप्रयोग ऋत्विकने करायला नको होता. पण तो ठाण्याला राहतो, त्याच्या ध्यानात राहिलं नाही. पालखी आधी कोणाच्या अंगणात जाते यावरून ज्या गावात सन १९७१ पासून दोन घरं बोलत नाहीत, त्या गावात डिस्कवरचा पहिला भाग कोणाचा, हा प्रश्न सात सभा चालला. तपशील इतिवृत्तात आहे. सारांश असा:

डिस्कचे भाग अकरा, मानकरी घरांइतके. भाग समान, कोणाचे फोटो कमी असले तरी.

डिस्कच्या सुरुवातीला एक एमबी जागा मोकळी सोडावी लागते असं ऋत्विकचं म्हणणं. ती कोणाची यावर दोन सभा खर्च होऊन ती वाघजाईच्या नावे करण्यात आली.

प्रत्येक भागातले पाच टक्के यंत्र आपल्या प्रमुखासाठी राखून ठेवतं. (यावर चर्चा झाली नाही. रावजींना नियम परिचयाचा वाटला.)

फोनमधल्या प्रती सर्वांनी पुसाव्यात. नाहीतर एखाद्या घराकडे महिपतदादांचा आवाज जास्त आणि दुसऱ्याकडे कमी, असं व्हायचं.

आणि शेवटचं, ज्याचा मोठ्या कौतुकाने उल्लेख व्हायला हवा. पहिल्या भागाचा मान कायमचा कोणालाच नाही. देवळातल्या पूजेची पाळी जशी पाडव्याला एका घरातून दुसऱ्या घरात जाते, तशी डिस्कचीही जाईल. दर पाडव्याला यंत्राने नव्या क्रमाने भाग पाडावेत.

या शेवटच्या कलमाला ऋत्विक काहीतरी म्हणाला होता. पण तोवर चहा आला होता.

पहिलं वर्ष निर्वेध गेलं. फाईल चालली, तीन मिनिटांत अकरा भाग पडले, सगळं वर चढलं, फोन धुऊन पुसून स्वच्छ झाले. त्या वर्षी पहिला भाग रावजींच्या घराचा होता आणि भिकाजी सहाव्या भागातून ते वर्षभर सोसत होते. दुसऱ्या पाडव्याला पाळी भिकाजींची. गुढी उभारून होते न होते तोच त्यांनी ठाण्याला फोन लावला. ऋत्विकने नवा क्रम लिहून फाईल चालवली, आणि यंत्राने चक्क नकार दिला. डिस्कवर आधीचं काही आहे, म्हणालं, मी हात लावणार नाही.

"यंत्राला कोणी शिकवलं हे?" भिकाजींनी विचारलं. त्यांना रावजींचा संशय होता.

"ते तसंच असतं काका. आपणच फाईलमध्ये 'आधीचं पुसायचं? हो' असं लिहिलं, तरच पुसतं. मी तुम्हाला मेसेज करतो. नीट वाचा आणि उत्तर द्या."

मेसेज आला. सात परिच्छेद. भिकाजींनी पहिला वाचला, शेवटचा किती खाली आहे ते बोट फिरवून पाहिलं, आणि अंगठा पाठवला.

पुढचं सगळं आपोआप झालं. तीन मिनिटांत अकरा भाग, पहिल्या जागी भिकाजींचं घर. पडद्यावरची यादी रावजींसकट सर्वांनी पाहिली, भिकाजींच्या हातचे पेढे खाल्ले, टाळ्या झाल्या. भागांत आता काय आहे हे पाहायचं कोणाच्या मनातही आलं नाही. पुढल्या अकरा महिन्यांत सर्व्हर उघडून पाहणारे: शून्य. 'आमचं सगळं क्लाउडवर आहे' असं पाहुण्यांना सांगणारे: शंभर टक्के, पैकी चाळीस टक्के वर आभाळाकडे बोट दाखवून.

भाद्रपदात महिपतदादा गेले. गाव हळहळलं, पण धीर सुटला नाही, कारण आवाज होता. मंडळाने तातडीने ठरवलं, यापुढे ज्याची पाळी त्याने गाऱ्हाणं घालायचं. रेकॉर्डिंग ऐकावं, पाठ करावं, उभं राहावं. म्हणजे या शिमग्याला भिकाजी. बाराव्याला महिपतदादांच्या यमुनाबाई त्यांना म्हणाल्या, "भावजी, सवड झाली की एकदा ऐकवा हो मला त्यांचा आवाज." भिकाजी म्हणाले, "वहिनी, शिमग्याला मी पाठ करायला बसेन ना, तेव्हा तुमच्याच ओटीवर येऊन लावतो."

शिमग्याला आठ दिवस उरले तेव्हा ते पाठ करायला बसले. पहिला भाग रिकामा. दुसरा रिकामा. अकरावाही रिकामा. त्यांनी ठाण्याला फोन लावला.

"ऋत्विक, अरे ते महिपतदादांचं गाऱ्हाणं दिसत नाय रे."

"दिसणार कसं काका? पाडव्याला पुसलं ना आपण."

"मी?"

"मी विचारलं होतं. प्रत काढून ठेवली का, सगळं जाईल, परत मिळणार नाही, सगळं लिहिलं होतं. तुम्ही अंगठा दिलात."

"मेल्या, सात परिच्छेद कोण वाचतो?"

"म्हणून तर यंत्राला लावतो आम्ही," ऋत्विक म्हणाला. "यंत्र सगळं वाचतं."

त्या आठ दिवसांत भिकाजींची काय गत झाली ती त्यांची त्यांना माहीत. कोणाला सांगायची सोय नव्हती. गप्पा मारल्यासारखं करून त्यांनी घरोघर चाचपून पाहिलं. गाऱ्हाणं पूर्ण आठवतं असं म्हणणारे दहापैकी दहा; तिसऱ्या ओळीच्या पुढे जाणारे, कोणी नाही. यमुनाबाईंच्या घरावरून जायला लागू नये म्हणून ते बाजाराला शेताच्या बांधावरून जाऊ लागले. त्यांना लाज वाटत होती, दुसरं काही नाही. आणि रोज, जिभेने दुखरा दात चाचपावा तसा, ते ऋत्विकचा तो मेसेज काढून वाचत होते. कुठेतरी एखादी फट सापडेल, आपली चूक नव्हती असं निघेल, म्हणून. आठ दिवसांत सातही परिच्छेद तोंडपाठ झाले. फट सापडली नाही.

शिमग्याला पालखी सहाणेवर बसली. ढोल थांबले. मुंबईहून आलेले, लोट्याच्या कंपनीत रजा टाकून आलेले, सगळे हात जोडून उभे राहिले. बायकांच्या पुढच्या ओळीत यमुनाबाई. भिकाजी पुढे झाले. 

"बा देवी वाघजाई म्हाराजा!" पहिली ओळ सर्वांनाच येते, त्यांनाही आली.

"होय म्हाराजा!" गाव गरजलं.

दुसरी आली. तिसरी आली. मग पाटी कोरी. शांतता वाढायला लागली, रावजींनी मान वर केली, आणि भिकाजींच्या तोंडून, महिपतदादांच्या चालीत, जे तोंडपाठ होतं ते बाहेर पडलं.

"ही जी अकरा घरांची डिस्क हाय, तिचे अकरा भाग नव्याने पडतील म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आधीचं जे काय असेल, फोटो, वंशावळी, बापजाद्यांचा आवाज, ते समूळ पुसलं जाईल म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"प्रत कोणी काढून ठेवलेली नाय म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"गेलेलं परत मिळणार नाय, आणि तक्रार कोणाची चालणार नाय म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" या वेळी तर रावजींचा आवाज सर्वांत वर होता. दोघातिघांनी डोळे पुसले.

सातवा परिच्छेद संपला. नारळ फुटला, पालखी उठली, ढोल कडाडले. ज्येष्ठ मंडळींनी भिकाजींच्या पाठीवर थाप मारली, थेट महिपतदादाच उभे राहिल्यासारखं वाटलं म्हणाले. सव्वीस वर्षं शिफ्टच्या वहीत 'सर्व ठीक' लिहिलेल्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत आपली चूक कबूल केली होती, आणि साऱ्या गावाने तिला एकमताने अनुमोदन दिलं होतं.

गर्दी पांगल्यावर यमुनाबाई जवळ आल्या.

"आवाज गेला ना हो, भावजी?"

एवढ्या माणसांत ऐकणारं एक माणूस निघालं. "गेला वहिनी," भिकाजी म्हणाले, आणि त्यांना रडू आलं. "माझ्या हातून गेला."

"असता तर बरा होता," यमुनाबाई म्हणाल्या. "पण गाऱ्हान्यासाटी रडू नका. त्यांना तरी कुटं पुरा येत होता? तिसऱ्या ओळीच्या फुडं कायपन सांगत. एका वर्षी चिपळूनच्या यष्टीचा टाईमटेबल घातलानी. सगले होय म्हाराजा म्हनाले. घरी येऊन पोट धरधरून हसलो आमी दोगं." आणि त्या आताही हसल्या, पदर तोंडाला लावून, आणि भिकाजीही नाक पुसत पुसत हसले.

मंडळाने दुसऱ्या दिवशी भिकाजींचं गाऱ्हाणं हेच गावाचं अधिकृत गाऱ्हाणं म्हणून मंजूर केलं. कोणीतरी फोनवर घेतलं होतं ते डिस्कच्या पहिल्या भागात ठेवण्यात आलं, आणि फोनमधून पुसण्यात आलं. पाडव्याला पंधरा दिवस होते. पाळी आता पुढच्या मानकऱ्याची, दादूच्या घराची.

या खेपेला ऋत्विकने कोणा एकावर विसंबायचं नाही असं ठरवलं. त्याने तो लांब मेसेज अकराही घरांना पाठवला. चार मिनिटांत दहा अंगठे आले. भिकाजींचा आला नाही. ते वाचत होते. बहुमत झाल्यामुळे त्यांच्यासाठी थांबायची गरज पडली नाही.

वाचणाऱ्यांना पालेखोलचं हसू येत असेल, तर खुशाल हसा, गावाची काही हरकत नाही. फक्त एक सांगा. मागच्या आठवड्यात तुमच्या फोनने तुम्हाला काहीतरी विचारलं होतं. जरा लांबलचकच होतं ते, आणि तुम्ही 'हो' म्हणालात. काय विचारलं होतं?