कोटापुरती थंडी

मालवणात लोकरी कोट असलेलं घर शोधायला निघालात तर एखादंच सापडेल, आणि ते घरही कोट दाखवायचं नाही. जेसिंताच्या कपाटात असा एक कोट नाताळच्या टेबलक्लॉथखाली, डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीने तीन वर्षं झोपून होता. इंग्लंडात स्विंडनला नर्स असलेल्या तिच्या मुलीने, एलिनाने, पहिल्या पगारातून तो पाठवला होता. गडद निळा, गुडघ्याखाली येणारा, आतून गुळगुळीत अस्तराचा. वजन एवढं, की पार्सल घेऊन जिना चढून आलेल्या पोस्टमनने आधी पाणी मागितलं आणि मग सही.

मालवणात जानेवारीतही दुपारी पंखा लागतो, तिथे कोट घालणार कधी? पण पोरीने रात्रपाळ्या करून पाठवलेल्या वस्तूला 'उपयोगाची नाही' कसं म्हणायचं? एलिनाने फोनवर विचारलं, "कोट घालतंस मगे, मम्मी?" आणि जेसिंता बोलून गेली, "घालतंय गो. रोज घालतंय. ह्या वर्सा हयसर मरणाची थंडी."

झालं. पुढच्या हिवाळ्यात हातमोजे आले. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात फेलिक्स सरांना कानटोपी, मफलर आणि गरम पाण्याची रबरी पिशवी आली. फेलिक्स सर म्हणजे जेसिंताचे यजमान, शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंग मास्तर. मे महिन्यात ते त्या पिशवीत फ्रीजमधलं पाणी भरून ती पोटावर घेऊन झोपले. एलिनाच्या लोकरी प्रेमाचा त्या घरात झालेला उपयोग तेवढाच.

जेसिंताला सलत होतं ते वेगळंच. तीन वर्षांत एलिना एकदाही घरी आली नव्हती. दर जानेवारीत ती आणि जावई रिचर्ड रजा काढून स्पेनला जात.

"स्पेनात कोण आसा तिचा?" जेसिंता विचारी.

"समुद्र आसा," सर म्हणत.

"आणि हयसर काय नुसतो व्हाळ आसा?"

यावर सर चष्मा पुसत.

यंदा डिसेंबरात एलिनाचा फोन आला आणि एक नवीनच भानगड उभी राहिली. "मम्मी, रिचर्डच्या फोनात मालवण तेहतीस दाखवता. तू तर म्हणतंस थंडी."

जेसिंताला घाम फुटला. तसा तो आधीच फुटलेला होता. "मालवणात कोण आसता गो हिवाळ्यात?" ती म्हणाली. "आमी आंबोलीक जावन रवतंव."

"कोट घालून?"

"मगे काय."

"मगे येत्या रविवारी सकाळी थंयसून व्हिडिओ कॉल कर. माझी रात्रपाळी आसा, मधल्या सुट्टीत बोलूया. माका तुका एकदा कोटात बघूचा आसा."

फोन ठेवल्यावर फेलिक्स सर शांतपणे म्हणाले, "आता खरा सांगून टाक."

"आणि तिका काय वाटात? तीन वर्सां मम्मी फसवता असा? आंबोली काय लांब आसा? जावया, कोट घालूया, बोलूया, येवया."

आंबोलीत गुरुप्रसाद गावडे याचं होमस्टे होतं. गुरुप्रसादचा सगळा धंदा थंडीवर. हवामान खात्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. स्वयंपाकघराच्या खिडकीत त्याने खोबरेल तेलाची एक बाटली ठेवलेली असे. तेल गोठलं की थंडी, नाही गोठलं की नाही, एवढं सरळ शास्त्र. जेसिंताने फोन केला तेव्हा तो म्हणाला, "आंटी, खोबरेल दगड झालो आसा. बाटली उलटी धरलंय तरी थेंब पडणा नाय. तुमी डोळे मिटून येवा."

थंडी निसटू नये म्हणून रविवारची वाट न बघता सोमवारी संध्याकाळीच दोघं कोटाची बॅग घेऊन आंबोलीच्या एसटी स्टँडवर उतरली. आभाळ गच्च भरलेलं, वारा बंद, आणि उकाडा मालवणसारखाच. जेसिंता तडक स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली. बाटलीत तेल पाण्यासारखं हलत होतं.

"कालपर्यंत दगड होता," गुरुप्रसाद बाटलीकडे बघत म्हणाला. चेहरा असा, की घरच्याच माणसाने दगा दिला. "मळभ इला मां. उद्या बघा तुमी."

मंगळवारी धुकं आलं. धुकं म्हणजे थंडीची सख्खी बहीण, असं समजून जेसिंताने घाईघाईने कोट चढवला, अंगणात उभी राहिली आणि सरांनी फोटो काढून एलिनाला पाठवला. उलट निरोप आला, 'पप्पा, फोटो कोरो आसा. मम्मी खंय?' सरांनी चष्मा वर करून फोटो बघितला. पांढऱ्या पडद्यावर नीट शोधलं तर कोटाची दोन बटणं दिसत होती.

बुधवारी कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो म्हणून जेसिंताने तो उन्हात वाळत घातला आणि सगळे धबधब्याकडे फिरायला गेले. ऊन अर्धा तास टिकलं. मग हिवाळ्यात पडू नये असा पाऊस पडला, तोही बेतशीर नव्हे, मनसोक्त. परत आल्यावर दोरी कोटाच्या वजनाने जमिनीला टेकलेली. गुरुप्रसाद आणि सर, दोघांनी दोन टोकं धरून कोट पिळला. त्यातून बादलीभर निळं पाणी निघालं.

"सर, ह्या कोटाच्या पाण्यात आमची रजई धुवून होतली," गुरुप्रसाद म्हणाला. त्याच्या बायकोने, संचिताने, त्याला कोपराने ढोसलं.

कोट चुलीवर टांगून वाळवावा लागला. गुरुवारी दिवसभर तो धूर खात होता. शुक्रवारी लखलखीत ऊन पडलं, इतकं की संचिताने छत्री उघडली. कोट खडखडीत वाळला आणि जेसिंताने तो अंगात घालून बघितला. बाह्या मनगटाच्या वर गेल्या होत्या. बटणं लागत होती, पण श्वास रोखून धरला तरच.

"बोलताना श्वास घेवचो लागात," सर म्हणाले.

"तुमी बोला. मी हसान."

शनिवारी सकाळीही तेल पातळच. आता मात्र जेसिंताचा धीर सुटला. ती पडवीत बसून रडवेल्या आवाजात म्हणाली, "उद्या ती माका घामान भिजलेली बघतली. तिच्या कोटाक हसल्यासारख्या होतला."

बायकोचे डोळे भरलेले बघितले की फेलिक्स सरांचं डोकं चालू लागे. त्यांनी हाताची चौकट करून पडवी न्याहाळली, वर्गात मुलांना वस्तुचित्र लावून देताना बघत तशी. "थंडी दाखवूक थंडी होई कित्याक?" ते म्हणाले. "कठड्यार थोडो पांढरो रंग दिसलो काय बघणारो समजान घेता. बर्फ होयो."

"बर्फ खंय गावतलो हयसर?" गुरुप्रसादने विचारलं, आणि तेवढ्यात रस्त्यावरून सुगंधाच्या टेम्पोचा भोंगा ऐकू आला. सुगंधा दर शनिवारी खालून बंदरावरची मासळी घेऊन घाट चढून येई.

"सुगंधाबाय, बांगडे नको, बर्फ दी," सर म्हणाले.

सुगंधाने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "सर, तुमी मालवणचे. बांगडे ठेवन बर्फ मागतास? बरे आसात मां?"

शेवटी बांगडेही घ्यावे लागले. ते काढून संचिताच्या हवाली केले आणि बर्फ थर्माकोलच्या खोक्यात भुसा घालून ठेवला. संध्याकाळी रंगीत तालीम झाली. सरांनी कठड्यावर चुरा पसरला. जेसिंता कोट घालून खुर्चीत बसली. पण तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता, तेव्हा सरांनी आणखी एक सुधारणा केली. बर्फाचं घमेलं फोनमध्ये दिसणार नाही असं खुर्चीखाली सरकवलं आणि तिला पाय त्यात ठेवायला लावले.

"आता बघ. तोंडार कसो भाव इलो."

भाव आला खरा. त्याचबरोबर कोटाची खालची किनार घमेल्यात बुडाली आणि तिला बांगड्याचा वास लागला. थोड्या वेळात शेजारची मांजर आली, मग तिची पिल्लं, मग आणखी कुठली तरी दोन. जेसिंता रात्री जेवेपर्यंत त्यांना हाकलत होती.

रविवारी पहाटे जेसिंताला जाग आली ती नाक गार पडल्यामुळे. बाहेर आभाळ निवळलेलं, वारा सुटलेला, आणि गुरुप्रसाद अंगणात बाटली उलटी धरून नाचायचा बाकी होता. "आंटी, दगड," तो म्हणाला. त्याच्या तोंडून वाफ निघत होती.

जेसिंताचा आनंद गगनात मावेना. आता खोटं काही नव्हतं. थंडी खरी, कोट खरा. श्वास रोखून तिने बटणं लावली आणि खुर्चीत जाऊन बसली. पण सर अंधारात उठून ठरल्याप्रमाणे सगळी मांडामांड करून बसले होते. कठड्यावर बर्फ होता, खुर्चीखाली घमेलं होतं, आणि तालमीची सवय म्हणून जेसिंताचे पाय आपसूक घमेल्यात गेले. ती ओरडणार तेवढ्यात फोन वाजला. सरांनी कानटोपी सारखी करत तो तिच्यासमोर धरला.

पडद्यावर एलिना आली. नर्सचा गणवेश, डोळ्यांखाली काळं. आईला बघून ती हसली, मग तिची नजर मागे गेली आणि हसू मावळलं.

"मम्मी, पाठी बर्फ आसा?"

जेसिंताने अभिमानाने मान हलवली. बोलायला श्वास नव्हता.

"म्हणजे खरीच थंडी आसा," एलिना हळू आवाजात म्हणाली. "मी उगीच रिचर्डवांगडा भांडतंय. दरवर्सा त्येका म्हणतंय, घराक जावया. हयसर ऊन बघूक मिळणा नाय गो मम्मी, दुपारी चार वाजता काळोख. माका नुसता आपल्या समुद्राच्या वेळेर वाळूत बसान ऊन खावचा आसा. पण तू म्हणतंस थंय पण मरणाची थंडी. मगे रजा फुकट घालवन काय करू? म्हणान आमी स्पेनाक जातंव. आज तिकिटां काढतंय."

जेसिंता थिजली, आणि त्यात बर्फाचा काही संबंध नव्हता. तीन वर्षं ती पोरीची वाट बघत होती आणि तीन वर्षं तिनेच पोरीला थोपवून धरलं होतं. तिला स्वतःचा एवढा राग पूर्वी कधी आला नव्हता. तिने रोखलेला श्वास सोडला. वरचं बटण तुटून सरांच्या चष्म्यावर जाऊन आपटलं. तिने कोट अंगातून ओढून काढला आणि नुसत्या सुती फ्रॉकवर, त्या बोचऱ्या वाऱ्यात, ताठ बसली.

"थंडी खंय गो हयसर?" ती म्हणाली. "गरम होता माका." आणि तिने शेजारचं वर्तमानपत्र उचलून वारा घ्यायला सुरुवात केली.

"आणि तो बर्फ?"

"मासळेचो. काल बांगडे घेतले." सबंध आठवड्यातलं तिचं हे पहिलं खरं वाक्य.

"रिचर्डान मेसेज केल्यान, त्येचो फोन आंबोली अकरा दाखवता."

"रिचर्डाक सांग, फोन बदल."

"मगे तुझे दात कित्याक वाजतत?"

"कवळी नवी आसा."

जेसिंताने वर्तमानपत्र खाली ठेवलं. "एलिना, तुझो कोट तीन वर्सां कपाटात आसा," ती म्हणाली. "मालवणात कोण घालतलो तो? तुका वायट वाटात म्हणान मी खोटा सांगलंय. मालवणात ऊन आसा बाय. होया तितक्या ऊन आसा. तू ये."

तेवढ्यात कालची मांजर बांगड्याच्या वासाने आली आणि उडी मारून जेसिंताच्या मांडीवर बसली. काल जिला दहा वेळा हाकललं तिला जेसिंताने आज घट्ट कवटाळलं. अख्ख्या पडवीत तेवढीच एक ऊबदार वस्तू होती. पलीकडे एलिना हसत होती आणि डोळेही पुसत होती. "येतंय," ती म्हणाली, आणि तिला कोणीतरी वॉर्डमधून हाक मारली.

फोन बंद झाला. सरांनी आधी घमेलं ओढून काढलं, मग कोट तिच्या खांद्यांवर टाकला. कोटाला धुराचा वास होता, माशांचा वास होता, आणि बाह्या आखूड होत्या. जेसिंता त्यात मांजरीसकट शिरली आणि चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसली. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिला तो कोट खरोखर हवा होता.

दुसरा चहा होईपर्यंत सरांच्या फोनवर निरोप आला. जानेवारीची तिकिटं काढली होती, मालवणची. 'मम्मीक काय आणू?' असंही विचारलं होतं.

"लिवा, काय आणू नको. नुसती ये," जेसिंता कोटाच्या आतून म्हणाली.

सरांनी लिहिलं. लगेच उत्तर आलं. ते वाचून सरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला, तेव्हाच जेसिंताने ओळखलं की काहीतरी भानगड आहे.

"काय म्हणता?"

"म्हणता, ती जागा बरी दिसता. रिचर्डाक डोंगर आवडतत आणि तू म्हणतंस गरम आसा. मालवणाक येवच्या आधी चार दिवस सगळ्यांनी आंबोलीकच रवूया."

जेसिंताने मान वळवून गुरुप्रसादकडे बघितलं. तो गोठलेली बाटली छातीशी धरून कौतुकाने उभा होता.

"गुरुप्रसाद," ती म्हणाली, "जानेवारीत हयसर गरम कधी पडता रे? माका चार दिवसांची गॅरंटी होई."

गुरुप्रसादने बाटलीकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, मग डोकं खाजवलं. "आंटी," तो म्हणाला, "ही गॅरंटी आजपर्यंत कोणी मागूक नाय."