मंगळवाल्यांचा पक्का रंग

रॉय नाकागावाची गाडी चढावर उकळली आणि तो शूटिंगला चांगलाच उशिरा पोचला. आज आपली गच्छंती नक्की, अशा तयारीनेच तो आत शिरला. पन्नासच्या दशकातल्या या स्वस्तातल्या अमेरिकन सिनेमात तो मंगळवाल्यांचा सरदार होता. मंगळवाले दरवेळी असेच जमवले जात: एखादा जपानी, एखादा फिलिपिनो, बाकी मेक्सिकन. पृथ्वी वाचवायला मात्र गोराच लागे.

पण त्याला कुणी ओरडलं नाही. दिग्दर्शक मरी झेलमन डोकं धरून बसला होता. समोर नायक डेक्स्टर हेल उभा होता. चेहरा, मान, हात, सगळं हिरवंगार.

"काय झालं रे?" रॉयने रंगभूषा करणाऱ्या सॅलला हळूच विचारलं.

"मरी म्हणाला, काटकसर कर. म्हणून तंबूच्या कापडाचा रंग आणला आणि मंगळवाल्यांना फासला. तो ओला असतानाच त्यांनी डेक्स्टरला उचलून यानात नेलं. सुटून आल्यावर डेक्स्टरने नायिकेला मिठी मारली. ती रडत रडत जनरलच्या गळ्यात पडली." सॅलने हातातला बोळा फेकला. "रंग निघत नाहीये."

"रॉकेल लावून बघ."

"लावलं. आता ते हिरवे आहेत आणि अंगाला वासही मारतोय."

"पण सिनेमा काळा-पांढराच आहे ना?" डेक्स्टर म्हणाला. "हिरवा रंग दिसणार कुणाला?"

"हिरवा नाही, काळपट दिसशील," मरी म्हणाला. "दक्षिणेतली गोऱ्यांची थिएटरं काळपट नायक लावतील होय? आणि भाड्याचं यान संध्याकाळी परत जायचंय. तुझ्याऐवजी एखादा शास्त्रज्ञ येऊन मंगळवाल्यांना वाटेला लावेल, एवढाच प्रसंग उरलाय. आता कोऱ्या चेहऱ्याचा नट कुठून आणू?"

एवढ्यात त्याला रॉय दिसला.

"साहेब, गाडी उकळली हो," रॉय घाईघाईने म्हणाला. "लगेच रंगायला बसतो."

"खबरदार त्या डब्याला हात लावलास तर. तो पांढरा कोट घाल."

रॉयने कोट घातला. सिनेमात स्वतःच्या चेहऱ्याने उभं राहायची त्याची ही पहिलीच वेळ. सवयीने त्याने विचारलं, "बोलू कसं? तोडकंमोडकं?"

"तुझं गाव कुठलं?"

"फ्रेस्नो. इथून चार-पाच तासांवर."

"मग फ्रेस्नोत बोलतात तसं बोल."

सरदार म्हणून डेक्स्टरला उभं केलं. त्याला धड गुरगुरताही येईना. "पोटातून, डेक्स्टर," रॉयने समजावलं, "आणि वाक्यातली क्रियापदं गाळत जा." मग रॉयने शांतपणे पृथ्वी वाचवली. पहिल्याच झटक्यात प्रसंग झाला. मरीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि चक्क त्याची पाठ थोपटली.

बाहेर एकही टॅक्सी डेक्स्टरला घेईना, म्हणून रॉयने त्याला आपल्या गाडीत घातलं. वाटेत दोघे खायला थांबले. वाढणारी बाई डेक्स्टरकडे टक लावून बघत राहिली. मग वाकून तिने रॉयला विचारलं, "हे कुठले हो?"

"ओहायोचे."

"ते झालं. पण मुळातले कुठले?"

डेक्स्टरने कपाळाला हात लावला. रॉयच्या आयुष्यात पहिल्यांदाच तो प्रश्न त्याला सोडून दुसऱ्या कुणाला आला होता. तो आरामात मागे रेलला आणि त्याने ॲपल पाय मागवला. सोबत आइस्क्रीमही.