सहा नंबरचा दगड

पियुषने स्वयंपाकाच्या ओट्यावरून दगड मोजून उचलले. सहा. प्रत्येकावर मार्करने नंबर टाकला, पिशवी भरली आणि बीरगांवहून भनपुरीच्या लॅबकडे निघाला. ओट्यावर खरं तर सात होते.

सहा त्याचे. नव्या खाणीच्या जागेवर बोअर मारून काढलेले, लाटण्याच्या तुकड्यासारखे गोल. लॅबमध्ये ते दाबून फोडतात. लवकर फुटले तर बुलडोझरच्या दातानेच खाण खरवडता येते, नाही फुटले तर सुरुंगाची बारूद.

सातवा आईचा वरवंटा. तोही बोअरमधलाच, पण जुन्या खाणीचा. त्याच्या वडिलांनी, अनंतरावांनी, नोकरीच्या पहिल्या वर्षी वनमालाबाईंसाठी आणला होता. साडी आणायची सोडून. हे वनमालाबाईंनी मागच्या पोळ्याला डोळे मिटेपर्यंत ऐकवलं. आणि धुतलेले ओले दगड सगळे सारखेच दिसतात.

दहाला अनंतराव लसणाची चटणी वाटायला बसले. बायको गेल्यापासून रोज बसत. तिच्यासारखी एकदाही जमली नव्हती. आज तर पहिल्याच घासाला दाताखाली करकर लागली. त्यांनी फोन लावला.

"पियुष, तुह्या आईचा वरवंटा कुठं हाय?"

"वहीं होगा, बाबा." मराठीत तो फक्त आईशी बोलायचा.

"इथं जो हाय, त्याची चटणीत रेती होऊन राहिली."

"लहसुन में मिट्टी रही होगी."

"मले शिकवतं काय रे, पोट्ट्या? तीस वर्षं दगडच पाह्यले म्या. हा तुह्या खाणीतला हाय. मिरचीपुढं हारला!"

पियुष टपरीवर होता. चहा तिथेच ठेवून लॅबमध्ये पळाला.

मशीनवरचा हिरालाल खूश होता. "भैया, पांच तो पापड़ जैसे टूटे. छह नंबर माना ही नहीं! ऐसा फटा कि बाहर से लोग दौड़े आए. रिपोर्ट में बारूद लिख दूं?"

अनंतराव ऑटोने पोचले तेव्हा पियुष जमिनीवर बसून चुरा गोळा करत होता.

"सॉरी, बाबा."

अनंतरावांनी चुऱ्यातला एक कपचा उचलून पाहिला. मग हिरालालला विचारलं, "बाकीचे किती दाबावर फुटले?"

"तीस-पैंतीस."

"अन् हा?"

"एक सौ नब्बे."

"साडी इतकी टिकली नसती," अनंतराव म्हणाले. कोणाला, ते कळलं नाही. मग हिरालालकडे वळले. "बारूद नको लिहू. सहा नंबर त्या खाणीचा नाही."

"तो कहां का है, बाबूजी?"

"माह्या घरचा."

हिरालालचं तोंड उतरलं. दगड मापापेक्षा लांब होता म्हणून त्याने मशीनमध्ये घालण्याआधी टोक कापलं होतं. कचऱ्याच्या बादलीत हात घालून त्याने ते शोधलं. चार बोटांचा तुकडा. एका बाजूने तळहाताने घासून घासून गुळगुळीत झालेला.

अनंतरावांनी तो मुठीत धरून पाहिला. "एवढ्याशानं एकाचीच चटणी होईन."

"दोघांची करू, बाबा," पियुष म्हणाला. "मी वाटतो."

अनंतरावांनी चष्मा काढून पुसला.

"मंग लसूण धुऊन घेजो," ते म्हणाले. "मिट्टी राह्यते म्हणे त्यात."