काठवटीतलं सोनं

भाकरीची काठवट खांद्यावर टाकून दर रविवारी सहकुटुंब सोनं शोधायला जाणारा गृहस्थ अख्ख्या नाशिक रोडला एकच होता. आमचे शेजारी दामूअण्णा.

अण्णा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर. एकदा रजा काढून ते घरच्यांना कोलारची सोन्याची खाण दाखवायला घेऊन गेले. खाणीत कोणी उतरू दिलं नाही. पण तिथल्या एका म्हाताऱ्यानं थाळीत माती घोळवून सोन्याचा कण दाखवला, आणि अण्णा कामातून गेले. तेव्हापासून दारणेचा काठ हेच त्यांचं कोलार.

"माती बोलते, ऐकणारा पाहिजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

"मग तिलाच विचारा, आज पीठ कशात मळू," काकू म्हणायच्या. पण फडक्यात दशम्या बांधून सगळ्यांच्या पुढे त्याच चालायच्या.

मी तेव्हा बी.एस्सी.ला होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. अण्णा मला 'आमचे शास्त्रज्ञ' म्हणून मोठ्या मानानं सोबत न्यायचे. नवल म्हणजे काठवटीत खरंच पिवळे कण चमकायचे, आणि त्यांची कुसुम नि धाकटा वाळूत उड्या मारायचे. एकदा मात्र बाभळीआडून अण्णा चुन्याच्या डबीतलं काहीतरी वाळूवर भुरभुरताना दिसले. वर्कशॉपातला पितळेचा कीस.

"बोलू नको लेका," ते म्हणाले. "आपली पाळीची ड्यूटी. आठवडाभर पोरं झोपलेलीच दिसतात. नुसत्या वाळूला कोण येतंय बापासंगं?"

माझं सगळं रसायनशास्त्र त्या दिवशी गप्प बसलं.

पुढे अण्णा रिटायर झाले. सिन्नरला दिलेली कुसुम लेकीला घेऊन माहेरी आली, आणि रविवारी नातीनं हट्ट धरला, "आजोबा, सोनं."

वाटेत अण्णा माझ्या कानाशी लागले. "डबी रिकामी हाय रे. पोरगी पुन्यांदा यायची नाय."

काकू नेहमीसारख्या पुढे जाऊन जागा धरून बसल्या होत्या. अण्णांनी त्यांच्या पायाजवळची वाळू घेतली आणि घोळवली. पाणी निवळलं. तळाशी पिवळे कण. नात नाचायला लागली. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

"बघता काय असे?" काकू म्हणाल्या. "माती बोलते, ऐकणारा पाहिजे."

घरी आल्यावर काकूंनी पाणी दिलं. पितळी फुलपात्राचा काठ एका बाजूनं कानशीनं घासलेला होता, ताजा, पिवळाधमक. अण्णांनी त्यावरून अंगठा फिरवला, काकूंकडे पाहिलं, पाणी प्याले आणि फुलपात्र पुन्हा पुढे केलं.

"अजून दे," म्हणाले.